गुंजी-लोंढ्याच्या मधलं ते विटकरी झाड : एका ओळखीचं पूर्ण प्रकरण

प्रकरण असं आहे. दिवाळी होऊन गेलेली, नोव्हेंबरचा शेवट. आमची आक्का, म्हणजे आत्येबहीण, निपाणीला असते, ती आणि दाजी बेळगावहून ट्रेननं लोंढ्याला पाव्हण्यांकडं चाललेले. देसूर, इदलहोंड, खानापूर करत गाडी गुंजीच्या पुढं गेली की दोन्ही बाजूचं जंगल एकदम दाट होतं, तिथं तिला खिडकीतून एक झाड दिसलं, मग अजून एक, मग जिकडं बघावं तिकडं तीच. उंच, सरळ खोडाची, आणि अख्खा माथा विटकरी-गुलाबी. तिनं गजातनंच व्हिडिओ काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, "हे कसलं फुललंय एवढं, कोण सांगंल काय?"

हे सगळं सविस्तर लिहितोय कारण हाच प्रश्न दरवर्षी याच दिवसांत कोणी ना कोणी विचारतं. लोंढा, रामनगर, अनमोड करत गोव्याला जाणारे विचारतात, हेमाडग्याकडं फिरायला जाणारे विचारतात, आणि बहुतेकवेळा उत्तर भलतंच मिळतं. खानापूर तालुक्याच्या जंगलात हजारोंनी असलेलं झाड खानापूर-बेळगावच्या माणसांनाच नावानं माहीत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

ग्रुपवर काय काय उत्तरं आली ते आधी सांगतो, कारण प्रत्येक उत्तरामागं काहीतरी विचार होता. दाजींनी लगेच लिहिलं, ताम्हण. महाराष्ट्राचं राज्यफूल, मोठं झाड, गुलाबी-जांभळं फुलतं, त्यांच्या दृष्टीनं विषय संपला. मावशीनं लिहिलं पळस, कारण जंगलात लांबून लालसर दिसलं की पळस हे डोक्यात पक्कं बसलेलं. एकजण म्हणाला बेळगावात कॅम्पात असतं तसलं पिचकारीचं झाड असणार. भाच्यानं व्हिडिओतले स्क्रीनशॉट काढून फोनमधल्या एका अ‍ॅपला दाखवले तर एकाच झाडाच्या तीन फोटोंना तीन वेगळी नावं आली, त्यातलं एक तर आपल्याकडं जंगलात उगवतच नाही. यात नवल काही नाही, लांबून हलत्या गाडीतून काढलेल्या फोटोत अ‍ॅपला दिसतो फक्त रंगाचा एक गोळा, पान नाही, फूल नाही, साल नाही, मग ते रंगावरून जुळवाजुळव करतं आणि आपल्या मावशीनंही तेच केलं होतं.

मी सुरुवात रंगापासून न करता महिन्यापासून केली. मोठ्या झाडांच्या बाबतीत महिना हा सगळ्यात मोठा पुरावा असतो आणि तो फुकट मिळतो. ताम्हण फुलतं एप्रिल ते जूनमध्ये, नोव्हेंबरच्या शेवटी त्याच्यावर टणक वाळकी बोंडं असतात, फुलं नाहीत. पळस, पांगारा, काटेसावर ही सगळी मंडळी थंडी ओसरताना फुलणारी, आणि ती बहुतेक निष्पर्ण होऊन फुलतात. गुलमोहर उन्हाळ्यातला. कुसुमाचा लालभडक माथा बघून लोक फसतात खरं, पण तो कोवळ्या पालवीचा लाल असतो आणि फेब्रुवारी-मार्चच्या पुढचा. कौशी नारिंगी फुलते ती पण त्याच दिवसांत आणि पानं झडल्यावर. म्हणजे एका महिन्याच्या नावावर जवळजवळ अख्खी यादी बाद झाली.

राहिली पिचकारी. ही मूळची आफ्रिकेतली, आपल्याकडं शोभेला लावलेली, आणि ती थंडीतही फुललेली दिसू शकते म्हणून तिला महिन्यावर बाद करता येत नाही. पण पिचकारीचा रंग भडक केशरी-लाल असतो, फुलं मोठी पेल्याएवढी, लांबूनही एकेक झुबका वेगळा कळतो. व्हिडिओतला रंग तसा नव्हताच, मंद होता, गंजलेल्या लोखंडासारखा म्हणा, आणि सगळीकडं सारखा पसरलेला. शिवाय पिचकारी रस्त्याकडंला, बंगल्यात, शाळेच्या आवारात असते. गुंजीच्या पुढं रुळाच्या दोन्ही बाजूला शेकड्यांनी उभं असलेलं झाड कोणी लावलेलं नसतं, ते तिथलंच असतं. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. अनोळखी झाड एकच दिसलं तर ते कुठूनही आणलेलं असू शकतं, पण जंगलात जिथं तिथं दिसलं तर ते त्या जंगलाच्या मुख्य झाडांपैकी एक असणार, आणि मुख्य झाडं कुठल्याही जंगलात मोजकीच असतात. आपल्या खानापूर-लोंढा पट्ट्यातल्या ओलसर पानगळी जंगलात ती म्हणजे साग, ऐन, किंजळ, नाणा, करमळ, जांभा, धावडा वगैरे. उत्तर या यादीत असायला पाहिजे होतं.

मग आक्काला फोन केला. फोटोपेक्षा बघणाऱ्याला विचारलेलं बरं असतं, कारण माणसाला दिसलेलं खूप असतं पण काय सांगायचं ते त्याला माहीत नसतं. मी विचारलं, "आक्का, झाडाला पानं होती काय, का नुसता रंग?" म्हणाली, "पानं होती की रे, हिरवी, रंग वरवर होता, फांद्यांच्या टोकाला." "फुलं वेगवेगळी दिसत होती?" "नाही बाबा, सगळा नुसता पिसाराच, तुरे तुरे." "खाली सडा?" गाडी एका ठिकाणी सिग्नलला थांबली होती, तेव्हा तिनं एका झाडाखाली बघितलेलं, खाली काही पडलेलं नव्हतं. ही तीन उत्तरं सोन्यासारखी होती. पानं शाबूत, म्हणजे निष्पर्ण होऊन फुलणारं झाड नव्हे. रंग फांदीच्या टोकांना तुऱ्यांत, म्हणजे तुरे शेंड्याला येतात. आणि एवढा रंग असून सडा नाही, म्हणजे ज्याला आपण फूल समजतोय ते गळत नाहीये.

सगळ्यात पक्का धागा मात्र त्यानंतर मिळाला. आक्का आणि दाजी परत आले ते डिसेंबर बराच सरल्यावर, आणि तिनं मुद्दाम त्याच जागी खिडकीतून परत बघितलं. तीच झाडं, तोच रंग, फक्त जरा गडद, तपकिरीकडं झुकलेला. आता मोठ्या झाडाचा बहर इतके दिवस एकाच रंगात तसाच्या तसा राहत नाही, पाकळ्या सुकतात, गळतात, माथा फिका पडतो. रंग टिकतोय आणि उलट गडद होतोय, तर ती फुलं नव्हेत, फळं. मी ग्रुपवर तसं लिहिलं आणि लगेच दाजींचा मेसेज, "फळं असली गुलाबी पिसाऱ्यासारखी असतात काय कुठं? काहीतरी सांगू नका." त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, फळ म्हटलं की आपल्यासमोर आंबा, पेरू, जांभूळ येतं. म्हणून ठरवलं की झाडाखाली जाऊनच बघायचं.

रविवारी भाचा आला होता, त्याला घेऊन टू-व्हीलरवर खानापूरहून गुंजीच्या पुढं गेलो. रुळाच्या कडेनं जायचं नाही, तो धोका घेण्यासारखं काही नसतं, तीच झाडं रस्त्याकडंला पण असतात. अभयारण्याच्या हद्दीतही शिरलो नाही. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं आणि त्या बाजूला जायचं तर वनखात्याची परवानगी लागते, आणि फांदी तर कुठंच तोडायची नाही, खाली पडलेलं पुरतं. एका शेताच्या बांधाजवळ हवं तसं झाड सापडलं, चांगलं वीस मीटरच्या वर असेल, निम्म्यापर्यंत सरळ खोड, वर पसरलेला माथा, आणि कडेनं सगळे विटकरी तुरे. खाली वाऱ्यानं तुटलेली एक डहाळी पडलेली, तुऱ्यासकट पानासकट. याच्यापेक्षा जास्त काय पाहिजे.

तुरा हातात घेतल्यावर भाच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. पाकळी नावाला नाही. तुरा म्हणजे शेकडो छोटी छोटी पंखवाली फळं, एकाला एक खेटून. एकेक फळ सुटं करून तळहातावर ठेवलं. प्रत्येकाला तीन पंख, पण सारखे नाहीत, एक मोठा, आडवा पसरलेला, जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर रुंद, आणि बाकीचे दोन अगदी बारके. रंग सगळा त्या मोठ्या पंखाचा. तो पातळ कागदी पंख कोवळा असताना गुलाबीसर असतो, मग विटकरी, मग तपकिरी, आणि झाडावर असे लाखो पंख टोकाटोकाला असल्यामुळं लांबून झाड फुललंय असंच वाटतं. आक्काला दिसलं ते चुकीचं दिसलं नव्हतं, लांबून कोणालाही तेच दिसणार.

आता पान. साधं, लांबट, टोकाला निमुळतं, बुडाशी गोलसर. डहाळीच्या खालच्या भागातली पानं जवळजवळ समोरासमोर, वरच्या भागातली एकाआड एक. पान उलटं करून देठाजवळ मधल्या शिरेवर बघितलं तर दोन बारीक गाठी, ग्रंथी म्हणतात त्या. भाच्याला दिसेनात, मग मोबाईलचा कॅमेरा झूम करून दाखवल्या. हिरडा, बेहडा, ऐन, अर्जुन, किंजळ हे सगळं एकच कुटुंब, म्हणजे टर्मिनॅलिया नावाची प्रजाती (जीनस), आणि या लोकांत पानाच्या बुडाशी किंवा देठावर अशा ग्रंथी शोधायची सवय लावून घेतली की निम्मं काम होतं.

पण कुटुंब कळलं म्हणजे झाड कळलं असं नाही, आणि नेमकं इथंच लोक घाई करतात. ऐन आणि किंजळ एकाच जंगलात शेजारी शेजारी उभे असतात, दोन्ही मोठे, दोन्ही पंखवाल्या फळांचे. नशिबानं त्याच बांधाच्या पलीकडं ऐन होता. ऐन म्हणजे गोव्यात ज्याला मत्ती म्हणतात, कन्नडमध्येही मत्तीच. त्याच्या सालीला उभ्याआडव्या खोल भेगा पडून चौकोनी तुकडे झालेले असतात, काळपट, एकदा बघितली की विसरत नाही. आपल्या झाडाची साल पण गडद आणि खडबडीत होती पण तिला उभ्या, अरुंद भेगा होत्या, चौकोन नव्हते. ऐनाच्या फळाला पाच पंख, सगळे साधारण सारखे, आणि फळ चांगलं मोठं, चार-पाच सेंटिमीटरचं, हिरवट नंतर तपकिरी. अर्जुनालाही पाच, पण जाड नि चिवट, आणि अर्जुनाचं खोड गुळगुळीत फिकट, तो नदीओढ्याच्या काठाला जास्त, मलप्रभेच्या बाजूला बघायला मिळतो. बेहडा-हिरड्याच्या फळाला पंखच नाहीत. तीन पंख, त्यातला एक मोठा आणि दोन छोटे, एवढी एक खूण घेतली तरी आपल्या भागात दुसरं कुठलं झाड उरत नाही. किंजळ. शास्त्रीय नाव टर्मिनॅलिया पॅनिक्युलाटा.

यादीतल्या बाकीच्यांचं पण थोडक्यात सांगतो. नाणा खोडावरूनच बाद होतो, त्याची साल फिकट, गुळगुळीत, पापुद्रे सुटणारी, आणि फुलं पांढरी, उन्हाळ्यात. धावड्याची पानं थंडीत तांबूस होतात म्हणून तोही लांबून फसवू शकतो, पण तिथं रंग पानाला असतो, तुऱ्याला नाही, आणि त्याची फळं बारक्या गोल गेंदात येतात.

आम्ही डहाळी बघत बसलो होतो तेवढ्यात म्हशी घेऊन एक आजोबा आले, जवळच्या गवळीवाड्यातले. "काय बघुलायसा ओ?" मी विचारलं, "मामा, हे झाड कसलं ओ?" त्यांनी वर मान करून बघितलं पण नाही. "किंदळ. का ओ?" म्हटलं, "आता फुललंय काय हे?" तर म्हणाले, "फुलतंय तवा पाऊस असतोय, तवा कोण येतंय बघायला? आता हे बी हाय. वारं सुटलं की जातंय उडून." मग बराच वेळ बोलत बसले, घराचे वासे, खांब, नांगराचं लाकूड, सगळं याचंच असायचं, जड पण टिकाऊ, कोळसा पण चांगला होतो. ही पाच मिनिटं सगळ्या अ‍ॅपपेक्षा भारी होती असं मी भाच्याला तिथंच सांगितलं आणि आजही म्हणतो. गावातल्या, त्यातून गुरं राखणाऱ्या माणसाला विचारायला आपण लाजतो, आणि शहाण्यासारखं इंटरनेटवर शोधत बसतो, खरं तर पहिलं तिथंच विचारायला पाहिजे. फक्त एक सांभाळा, नुसतं "लाल फुलांचं झाड कुठलं" असं विचारू नका, झाडाखाली उभं राहून किंवा डहाळी दाखवून विचारा, नाहीतर ते पण पळस किंवा पांगाराच सांगतील, कारण तुमचा प्रश्नच तसा असतो.

नावं शोधायला लागतील म्हणून देतो. मराठीत किंजळ, गोव्याकडं आणि आपल्या सीमेवर किंदळ, कन्नडमध्ये होनगलू. मराठी संदर्भ शोधताना खानापूर-बेळगावचं जंगल सापडत नाही अशी तक्रार ऐकतो, त्यांनी थिओडोर कुकचा मुंबई इलाख्याचा जुना फ्लोरा, म्हणजे तिथल्या वनस्पतींची नोंद असलेला ग्रंथ, उघडावा. तो १९०१ ते १९०८ दरम्यान निघाला, आणि बेळगाव १९५६ पर्यंत मुंबईतच असल्यामुळं आपली झाडं त्यात आहेत.

आता दाजींचा शेवटचा आक्षेप, "मग फूल कुठाय?" तो रास्त होता आणि त्याचं उत्तर झाडावरच मिळालं. सगळी किंजळ एकाच दिवशी फुलत नाहीत. जरा सावलीत, ओढ्याकडंच्या एका झाडावर काही तुरे मागास होते, त्यावर खालच्या बाजूला फळं धरलेली आणि शेंड्याला अजून फुलं, बारीक, मळकट पांढरी, केसाळ दिसणारी. भिंगातून बघितलं तर पाकळ्या नाहीतच, पाच टोकांचा छोटा पेला आणि त्यातून बाहेर आलेले दहा पुंकेसर. टर्मिनॅलियाच्या फुलांना पाकळ्या नसतात. पाऊस सरता सरता, साधारण ऑगस्टपासून पुढं हे झाड फुलतं, त्यावेळी माथा क्रीम रंगाचा दिसतो, पण तेव्हा लोंढ्याला धुकं आणि पाऊस, ट्रेनच्या काचा बंद, कोण बघणार. मधमाश्या मात्र बघतात. पावसानंतर जंगलात फुलोरा कमी असतो, त्या दिवसांत किंजळ हा त्यांचा मोठा आधार. मग फळं धरतात, थंडीत पंख रंगतात, पुढं वाळून हलके होतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर वारं सुटलं की उडतात, त्याच सुमाराला पानंही झडायला लागतात. म्हणजे तो मोठा पंख नुसता दिसायला नाही, वीस-पंचवीस मीटर उंचावरून बी आईच्या सावलीबाहेर नेण्याचं काम त्याचं आहे, आणि झाड एवढं उंच का, फळं टोकालाच का, हे सगळं तिथं जुळून येतं. मला या झाडातलं सगळ्यात आवडतं ते हेच.

त्या डहाळीचे फोटो, फळाचा, पानाच्या उलट्या बाजूचा, सालीचा, ऐनाच्या सालीशेजारी, असे सगळे ग्रुपवर टाकले. दाजींनी तिन्ही पंख मोजून बघितले म्हणे, फोटो मोठा करून, आणि लिहिलं, "पटलं." भाच्यानं तेच जवळचे फोटो परत त्याच अ‍ॅपला दाखवले तर यावेळी पहिलंच नाव बरोबर आलं. म्हणून अ‍ॅप वापरू नका असं मी म्हणणार नाही, त्याला फळ आणि पान द्या, माथा देऊ नका.

प्रवासात असलात आणि थांबणं शक्य नसलं तर एवढं तरी लिहून ठेवत जा, तारीख, कुठल्या दोन स्टेशनांच्या किंवा गावांच्या मध्ये, झाडाला पानं होती का, रंग टोकाला का सगळीकडं, एकटं होतं का रांगेनं, आणि जमलं तर परतीच्या वाटेवर परत एकदा बघा. थांबता आलं तर आधी वर न बघता खाली बघा. खाली पडलेलं पान, फळ, फुलाचा तुकडा, सालीचा फोटो, शेजारी एखादं नाणं ठेवून म्हणजे आकार कळतो. पानाचा फोटो दोन्ही बाजूंचा पाहिजे, आणि पान एकटं नको, फांदीला कसं लागलंय ते दिसायला पाहिजे.

आक्काचा पुढचा प्रश्न आला, निपाणीच्या घरामागं एक किंजळ लावू काय, रोप कुठं मिळेल. मी तिला स्पष्ट सांगितलं, घरामागच्या तेवढ्याशा जागेत नको. हे वीस-तीस मीटरचं जंगली झाड, त्याला जागा पाहिजे आणि पाऊस पाहिजे, निपाणीचा पाऊस आणि लोंढ्याचा पाऊस यात फार फरक आहे. शेताच्या बांधाला, खानापूर-चंदगडच्या बाजूला जमीन असेल तर जरूर लावावं, जवळच्या वनखात्याच्या रोपवाटिकेत आधीच सांगून ठेवलं तर बरं, ऐनवेळी मागितलं तर सागच पुढं करतात. घरामागं तिला ताम्हण सुचवलं, ते तेवढं मोठं होत नाही, पाणी मिळालं की वाढतं आणि दाजींना पण हवंच होतं. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की खड्डा करायचाय.